अकरा आमदार, दोन खासदार आणि माझी लाल वही

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील अकराही विधानसभा सदस्य,
तसेच सोलापूर आणि माढा मतदारसंघांचे खासदार

सन्माननीय लोकप्रतिनिधींनो,
स. न. वि. वि.

मी आरोग्य विमा विकते. सोलापूरच्या पूर्व भागात दहा बाय बाराचा गाळा आहे, एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर. या धंद्यात एकोणीस वर्षं झाली. त्यावर दोन मुलांची शिक्षणं झाली, तेव्हा विम्याबद्दल माझ्या मनात आकस असण्याचं कारण नाही. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आमच्या भागात एका मंडळाने आरोग्य शिबिर भरवलं होतं. बीपी, शुगर मोफत. मलाही एक टेबल दिलं. व्यासपीठावरचे एक वक्ते बोलता बोलता माझ्याकडे हात करून म्हणाले, "सरकारने तरी किती करायचं? आपली जबाबदारी आपणही घेतली पाहिजे. या ताई बसल्यात, प्रत्येकाने आजच पॉलिसी काढा." टाळ्या पडल्या. फुकटात एवढी जाहिरात मला आजवर कोणी दिली नव्हती.

चाळीसेक माणसं टेबलापाशी आली. त्या दिवशी तीन पॉलिसी झाल्या. तिघंही पगारदार, पस्तिशीच्या आतले, बाहेर दुचाकी लावून आलेले. बाकीचे माहितीपत्रक घेऊन गेले. त्यांतल्या नऊ जणांची नावं मी रात्री लाल वहीत उतरवली.

या वहीबद्दल सांगते. जमाखर्चाची साधी वही आहे, नवी पेठेतून आणलेली. माझ्याकडे पॉलिसी मागायला आलेल्या आणि मी देऊ न शकलेल्या माणसांची नावं मी त्यात लिहिते. सुरुवात केली तेव्हा हेतू चांगला नव्हता; पुढे एखादी स्वस्त योजना निघाली तर हेच लोक गिऱ्हाईक होतील, असा व्यापारी हिशोब होता. आज वहीत दोनशे चौदा नावं आहेत. त्यांतली सोळा पुढे गिऱ्हाईक झाली. अकरा माणसं वारली, त्यांच्यापुढे मी फुली मारलेली आहे.

पहिल्या पानावर एक बिडी कामगार बाई आहे. वय बावन्न, शुगर, आधी टीबी होऊन गेलेला. कंपनीने प्रस्तावच परत पाठवला. चौथ्या पानावर टॉवेलच्या कारखान्यातला विणकर, अठ्ठावन्न वर्षांचा, बीपीची गोळी चालू. त्याला कंपनी नाही म्हणाली नाही, हप्ता सांगितला. नवराबायकोचा मिळून वर्षाला एकेचाळीस हजार. त्याने आकडा ऐकला, हसला आणि म्हणाला, "ताई, एवढे असते तर आजारी पडायला काय हरकत होती?" पुढे एक बाप आहे, मुलाच्या हृदयाला जन्मापासून छिद्र. मग मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या दोघी बहिणी. त्यांना हप्ता परवडला होता, पण वर्षाचे पैसे एकदम भरायचे म्हटल्यावर गप्प झाल्या, कारण त्यांच्या हातात पैसा येतो तो आठवड्याच्या पगाराला.

आता वक्त्यांचं "प्रत्येकाने" या वहीशेजारी ठेवून बघा.

आमच्या धंद्याचं गणित भिशी चालवणाऱ्या कुठल्याही बाईला कळेल. समजा शंभर घरांनी मिळून आजारपणाचा गल्ला केला. वर्षात पाच घरांत मोठं आजारपण येतं आणि प्रत्येकी दोन लाख लागतात. एकूण दहा लाख, म्हणजे घरटी दहा हजार. ठीक आहे. पण यायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. धडधाकट तरुण म्हणतो, मला काय होतंय, दहा हजार कशाला घालू? अशी चाळीस घरं बाहेर पडली. आजारी पडणारी पाच घरं मात्र आतच राहणार, त्यांना गरज आहे. आता साठ घरांवर दहा लाख, घरटी साडेसोळा हजारांच्या वर. तो आकडा बघून आणखी वीस घरं गळतात. उरली चाळीस, हप्ता पंचवीस हजार. असं होत होत शेवटी गल्ल्यात फक्त आजारी माणसं उरतात आणि गल्ला बुडतो.

हे होऊ नये म्हणून कंपनी दारातच चाळणी लावते. वय विचारते, जुने आजार विचारते, तपासण्या करायला लावते, तीन-तीन वर्षं थांबायला सांगते. लोक कंपन्यांना लबाड म्हणतात. काही ठिकाणी लबाडी आहेही, तीही मी पाहिली आहे. पण उद्या संतांनी कंपनी काढली आणि विमा ऐच्छिकच ठेवला, तरी त्यांनाही हीच चाळणी लावावी लागेल. आणि चाळणीवर राहतात ते नेमके वहीतले लोक. विम्याची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्यालाच तो मिळणं सर्वांत अवघड, ही गोष्ट या धंद्याच्या मुळातच आहे.

नियम सुधारले, हे मान्य करते. २०२४ साली विमा नियामकाने पासष्टनंतर नवी पॉलिसी नाही ही वयाची अट काढली. जुन्या आजारांसाठी थांबण्याची कमाल मुदत चार वर्षांवरून तीनवर आली. कॅशलेसला परवानगी द्यायला एक तास, घरी सोडताना शेवटचा निर्णय द्यायला तीन तास, अशी बंधनं आली. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी नियामकाला विचारावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा अठरा टक्के जीएसटीही गेला. त्या आठवड्यात माझा फोन दिवसभर वाजत होता. पण फोन करणारे सगळे जुनेच गिऱ्हाईक होते, नूतनीकरणाला किती कमी होतील हे विचारणारे. लाल वहीतल्या एकाचाही फोन आला नाही. एकेचाळीस हजारांतून अठरा टक्के काढले तरी उरतं ते त्या विणकराच्या तीन-चार महिन्यांच्या किराण्याइतकं.

आणि ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांचं तरी सगळं सुरळीत आहे का? माझ्या एका गिऱ्हाइकाची तीन लाखांची जुनी पॉलिसी. खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार. ऐनवेळी स्वस्त खोली रिकामी नव्हती म्हणून सहा हजारांची घेतली. घरच्यांना वाटलं, वरचे तीन हजार खिशातून देऊ. तसं नसतं. मर्यादेच्या दुप्पट खोली घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळंच कंपनी निम्मं धरते. औषधं आणि शरीरात बसवायच्या वस्तू तेवढ्या यातून सुटतात. एक लाख ऐंशी हजारांच्या बिलात त्यांना सत्तर हजारांवर स्वतः भरावे लागले. ती अट मी पॉलिसी देताना सांगितली होती का? सांगितली होती. त्यांच्या लक्षात राहण्यासारखी सांगितली होती का? नाही, ती माझी चूक. पण हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाच्या मुलाने रात्री दोन वाजता खोलीभाड्याच्या टक्केवारीचा विचार करावा, अशी अपेक्षा ठेवणाऱ्या व्यवस्थेला आपण संरक्षण म्हणतो, हेही खरं.

मी या धंद्यात आले ती माझ्या वडिलांमुळे. आम्ही तेलुगू घरातले. वडिलांना नायना म्हणायचो. ते इथल्या एका गिरणीत साच्यावर होते. त्यांच्याकडे ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं कार्ड होतं. लहानपणी मला दोनदा टायफॉइड झाला, दोन्ही वेळा त्या कार्डावर औषध मिळालं. घरात कोणी कधी "किती खर्च येईल" असं विचारल्याचं आठवत नाही. आमच्याशेजारी यंत्रमागावर काम करणारं कुटुंब होतं, त्यांच्याकडे कार्ड नव्हतं. त्यांच्या घरी ताप आला की आधी चर्चा व्हायची.

नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली. पगार गेला आणि काही महिन्यांत कार्डही निकामी झालं. तीन वर्षांनी नायनांना पोटाचं ऑपरेशन लागलं. ऑपरेशनचे पैसे फारसे पडले नाहीत. पण बाहेरून आणलेली औषधं, रक्त, रिक्षा, दीड महिन्याची बुडालेली मजुरी यासाठी अम्माने बिडी कारखान्यातून उचल घेतली. पुढे अडीच वर्षं हजार बिड्यांमागे तिच्या मजुरीतून ती कापली जात होती. अम्माला पीएफ होता, ईएसआय नव्हता. आजारपण दीड महिन्याचं आणि हप्ते अडीच वर्षांचे, हा हिशोब डोक्यात बसला. पुढे कुणी म्हणालं, विम्याची एजन्सी घे, तेव्हा मला ते पुण्याचं काम वाटलं. खरंच वाटलं.

ईएसआयचं गणित तुमच्यापैकी किती जणांनी कागदावर मांडून बघितलंय मला माहीत नाही, म्हणून इथे मांडते. बारा हजार पगार असलेल्या कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे नव्वद रुपये. मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे तीनशे नव्वद. महिन्याला चारशे ऐंशी रुपयांत कामगार, त्याची बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील सगळे आत. वय विचारत नाहीत, शुगर विचारत नाहीत. ओपीडीची औषधंही त्यातच. आजारपणात रजा पडली तर वर्षाला एक्याण्णव दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरी मिळते. माझ्या दुकानात कितीही पैसे मोजले तरी अशी पॉलिसी मिळत नाही. हे जमतं कारण तिथे यायचं की नाही हे कोणी विचारत नाही. तरुण-म्हातारे, धट्टे-आजारी, सगळे एकाच गल्ल्यात.

ईएसआयच्या दवाखान्यांची अवस्था काय असते, तिथल्या रांगा कशा असतात, हे सांगायला मला कोणी येऊ नये, मी त्या रांगेत वाढले आहे. दवाखाना सुधारता येतो. मोडलेला गल्ला पुन्हा जमवणं फार अवघड.

थोडं बाहेर बघू. आजारपणाचे पैसे कोणत्याही देशात चारच वाटांनी येतात: कर, सक्तीची वर्गणी, ऐच्छिक विमा आणि आपला खिसा. सगळीकडे या चारांची भेळ असते, फरक प्रमाणाचा. जर्मनीत १८८३ साली बिस्मार्कने कामगारांसाठी सक्तीचा आजार विमा आणला. दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. बिस्मार्क काही कामगारांचा कैवारी नव्हता, समाजवाद्यांच्या पायाखालची जमीन काढायची होती त्याला. पण गल्ला टिकला. आज तिथे मूळ वर्गणी पगाराच्या १४.६ टक्के आहे, निम्मी मालक भरतो, निम्मी नोकरदार. जास्त कमावणाऱ्याला खासगी विम्याकडे जायची मुभा आहे, पण पंचावन्न ओलांडल्यावर परत यायचं म्हटलं तर दार जवळपास बंद असतं. तरुणपणी स्वस्त म्हणून बाहेर जायचं आणि म्हातारपणी गल्ल्यावर येऊन बसायचं, हे त्यांनी चालू दिलेलं नाही.

ब्रिटनने ५ जुलै १९४८ पासून सरळ करातून खर्च करायचं ठरवलं. तिथेही ऐच्छिक विमा आहे, पण तो घेतात रांग टाळण्यासाठी. रांगेत उभा राहणारा उपाशी मरत नाही. फ्रान्समध्ये सक्तीचा विमा बिलाचा मोठा भाग देतो आणि उरलेल्या हिश्श्यासाठी लोक पूरक विमा घेतात. नेदरलँड्सचं तर मला माझ्या धंद्यापायी कुतूहल आहे. २००६ पासून तिथे विमा कंपन्या खासगी आहेत, मात्र प्रत्येकाने विमा घेतलाच पाहिजे आणि कंपनीने आलेल्या प्रत्येकाला घेतलंच पाहिजे, तेही म्हाताऱ्याला वेगळा दर न लावता. ज्या कंपनीकडे आजारी माणसं जास्त, तिला सामायिक निधीतून भरपाई मिळते. म्हणजे तिथल्या एजंटाला लाल वही ठेवायची गरज पडत नसावी.

ही श्रीमंत देशांची कौतुकं झाली, असं तुम्ही म्हणाल. थायलंड २००२ साली श्रीमंत नव्हता. त्यांनी करातून पैसा घालून सगळ्यांना छत्र दिलं आणि दवाखान्यात एका खेपेला तीस बाट घेतले. रवांडात गावोगावचे ऐच्छिक गल्ले होते. सरकारने गरिबांचे पैसे भरले, २००८ साली कायद्याने विमा सक्तीचा केला, आणि बहुतेक सगळी लोकसंख्या आत आली.

आणि चीन. चीनचं नाव घ्यायचा हक्क सोलापूरला जरा जास्तच आहे. भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकाला तुमच्यापैकी अनेकांनी हार घातले आहेत. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ साली चीनला गेला आणि १९४२ साली तिथेच, बत्तिसाव्या वर्षी गेला. त्या देशात पुढे खेड्यापाड्यांत कम्यूनच्या, म्हणजे सामूहिक शेतीच्या संस्थांच्या आधाराने सहकारी औषधोपचार चालत. ऐंशीच्या दशकात कम्यून मोडले आणि त्याबरोबर ती व्यवस्थाही कोसळली. खेड्यातला माणूस उपचारासाठी पुन्हा स्वतःच्या खिशावर आला. २००३ साली सरकारने नवी ग्रामीण सहकारी योजना आणली. कागदोपत्री ऐच्छिक. पण माणशी दहा युआन शेतकऱ्याचे, दहा केंद्राचे, दहा स्थानिक सरकारचे. शिवाय नावनोंदणी अख्ख्या घराची करायची. आजारी आजोबांचं नाव घालून धडधाकट नातवाला वगळायची सोय ठेवली नाही. दहा वर्षांच्या आत जवळजवळ सगळं ग्रामीण चीन त्यात आलं. ऐच्छिक विमा पसरवायचा तर तो असा, तीनातले दोन हिस्से सरकारने उचलून. आता माणसाचा हिस्सा चारशे युआनपर्यंत चढला आहे आणि खेड्यातले काही लोक नावं काढून घेऊ लागल्याच्या बातम्या येतात. माझ्या शंभर घरांच्या गोष्टीत पहिली चाळीस घरं अशीच गळाली होती.

निव्वळ ऐच्छिक हप्त्यांच्या जोरावर सगळ्या जनतेला औषधोपचार पुरवलेला देश मला जगाच्या नकाशावर सापडला नाही. तुम्हाला सापडला तर कळवा.

आपल्याकडे हे कोणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडू नये, हे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली, स्वातंत्र्याच्या आधी लिहून ठेवलं. ईएसआयचा कायदा १९४८ चा, म्हणजे ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्याच वयाचा. मेडिक्लेम आला १९८६ साली, आणि तो आला तेव्हाही ज्याला हप्ता परवडेल त्याच्यासाठीच होता. देशाच्या आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चातले ६४.२ टक्के लोकांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ मध्ये ते ३९.४ वर आले. सुधारणा मोठी आहे, नाकारत नाही. सरकारी खर्च त्याच वर्षी देशाच्या उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्के करू, असं म्हटलं होतं. राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकातले आठ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर घालावेत, तेही २०२० पर्यंत, हेही त्याच धोरणात आहे. आमदार महोदय, हा आठचा आकडा तुमच्यासाठी होता. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही.

माझ्या पगारदार गिऱ्हाइकाने जुन्या करपद्धतीत हप्ता भरला तर त्याला आयकरात पंचवीस हजारांपर्यंत, आईवडील ज्येष्ठ असतील तर त्यांच्यासाठी आणखी पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते. म्हणजे त्याच्या विम्यात सरकारचेही पैसे आहेत. वहीतल्या पहिल्या पानावरच्या बाईला आयकरच नाही, तर वजावट कशातून देणार? ती मात्र काडेपेटीपासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरत आली आहे.

तुम्ही म्हणाल, राज्य सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे की. आहे. सोलापूरला तर तिचा मान पहिला: २ जुलै २०१२ ला ती जीवनदायी या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपण होतो. तेव्हा दीड लाखाचं संरक्षण होतं, आता पाच लाखांचं आहे आणि २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही ती लागू झाली. या योजनेने या शहरात किती बायपास झाल्या, किती डायलिसिस झाले, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या धंद्याला तिने थोडा फटकाही दिला. द्यायलाच हवा होता. पण योजनेचं दार उघडतं ते माणूस दवाखान्यात दाखल झाल्यावर, तेही यादीतल्या उपचारासाठी, यादीतल्या दवाखान्यात. बिडी वळणाऱ्या बाईचा पैसा जातो तो दर महिन्याच्या शुगरच्या गोळीवर, खोकल्याच्या औषधावर, मणक्याच्या एक्स-रेवर. देशभरात खिशातून जाणाऱ्या पैशांतला मोठा वाटा औषधांचा आणि ओपीडीचाच आहे. गोळी परवडत नाही म्हणून ती दिवसाआड घेते. मग पाच वर्षांनी किडनी जाते आणि तेव्हा योजना तिचं डायलिसिस मोफत करते. तिला गोळीच मोफत मिळाली असती तर?

बिडी कामगारांचा स्वतःचा गल्लाही होता. १९७६ च्या कायद्याने बिडीवर उपकर बसवला, त्यातून कल्याण निधी, त्यातून दवाखाने, उपचारांना मदत. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा इतर उपकरांबरोबर हाही उपकर रद्द झाला. खर्च आता अंदाजपत्रकातून होतो, असं सांगतात. पण हक्काचा झरा आणि दरवर्षी मागायचा टँकर यांतला फरक सोलापूरकरांना वेगळा सांगायला नको. रे नगरात कामगारांना १५ हजार घरांच्या किल्ल्या दिल्या, चांगलं झालं. त्याआधी कुंभारीत बिडी कामगारांची दहा हजार घरं उभी राहिली. अम्माच्या मैत्रिणी तिथे राहतात. त्या घरांमधून तुमच्या सभांना आलेल्या बायकांचे हात जवळून बघा, तंबाखूने पिवळे झालेले, आणि त्यांना विचारा महिन्याला औषधाला किती जातात. मला सांगितलेले आकडे मी इथे लिहीत नाही, तुम्ही स्वतः ऐका.

आता मागणं. यंत्रमागाच्या शेडमध्ये दहा कामगार भरतात की नऊ, यावर त्या कामगाराचं आजारपण ठरू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तीत दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनेला ईएसआयमध्ये येता येतं, पण केव्हा, तर मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असले तर. पुन्हा तेच, ऐच्छिक! खासदारांनो, हा शब्द तुमच्या हातातला आहे. सहा-आठ मागांचा छोटा मालक ३.२५ टक्क्यांनी मेटाकुटीला येईल, हे मला पटतं. त्यातले अनेक मालक कालचे विणकरच आहेत. मग चीनच्या सरकारने शेतकऱ्यासाठी भरले तसे काही वर्षं मालकाच्या हिश्श्यातले निम्मे सरकारने भरावेत. चादरीला आणि टॉवेलला सवलती देताना आपण मागाचा विचार करतो, मागावरच्या माणसाचाही करावा.

आमदारांनी मार्चच्या अधिवेशनात बीपी, शुगर, दमा यांची औषधं जनआरोग्य योजनेखाली ओपीडीत मिळावीत, यासाठी बोलावं. सिव्हिलच्या औषधखरेदीचे पैसे वेळेत येतात का, हे दर अधिवेशनात विचारावं. आपलं सिव्हिल एकट्या सोलापूरचं नाही; धाराशिवपासून सीमेपलीकडच्या विजयपूर-कलबुर्गीपर्यंतचा रुग्ण तिथे येतो. हा ताण कुठल्या अंदाजपत्रकात धरला जातो, एवढा एक तारांकित प्रश्न तुम्ही अकरा जण मिळून विचारू शकता. पक्ष वेगळे असले तरी हरकत नाही, रुग्ण एकच आहेत.

एका गोष्टीचा मला शहर म्हणून अभिमान वाटतो. मार्कंडेय असो की अश्विनी, सोलापूरने सहकारातून रुग्णालयं उभी केली आहेत. शेअर घेऊन, वर्गणी जमवून, माणसं जोडून. इमारत बांधायला एकत्र आलेलं शहर आजारपणाचा खर्च वाटून घ्यायलाही एकत्र येऊ शकेल, असं मला कधीकधी वाटतं. पण हप्ता घेऊन हिंडणारी मी आहे, म्हणून सांगते: त्या गल्ल्यात तळाच्या माणसाचे पैसे कोणीतरी भरल्याशिवाय आणि वरच्या माणसाला बाहेर पडण्याची वाट बंद केल्याशिवाय तो टिकणार नाही. पहिलं काम तिजोरीचं आणि दुसरं कायद्याचं. दोन्ही तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे फक्त पावतीपुस्तक आहे.

ज्याला परवडतं त्याने पॉलिसी जरूर काढावी, माझ्याकडूनच काढावी. पण शिबिराच्या व्यासपीठावरून सरकारी दवाखान्याबद्दल कोणी प्रश्न विचारला तर उत्तर म्हणून माझ्या टेबलाकडे बोट दाखवू नका. मला त्या रात्री नऊ नावं लिहावी लागली.

रविवारी सकाळी दहा ते एक मी गाळ्यात असते. तेरांपैकी कोणीही या, सोबत कार्यकर्ते नकोत, दोनच खुर्च्या आहेत. नावांवर पट्टी चिकटवून वही पुढ्यात ठेवते. वय, काम, आजार आणि नकाराचं कारण एवढं वाचता येईल. चहा समोरच्या टपरीवरून मागवू.

आपली,
एक विमा प्रतिनिधी
पूर्व भाग, सोलापूर

ता. क. : पत्र लिहून झालं त्याच दिवशी चौथ्या पानावरचे विणकर येऊन गेले. पॉलिसीसाठी नव्हे, नातवाचा जनआरोग्यचा फॉर्म भरायला. बीपीची गोळी चालू आहे का, विचारलं. म्हणाले, "पगाराच्या आठवड्यात चालू असते."